आज खायचंय की परवा?

(भिवंडीतील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि महाराष्ट्राच्या उन्हाळ्याला दोन गोष्टी चिकटल्या. आंबा आधीपासून होताच, व्याख्यान नवं आलं. यंदा संयोजकांनी दोन्ही एकाच संध्याकाळी उरकायचं ठरवलेलं दिसतंय. विषय दिलाय, ‘चांगलं फळ कसं ओळखावं’. मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेव्हा बाईंना हे येत असणार, असा त्यांचा समज. खरं सांगते, फळ घेताना मी तुमच्याइतकीच फसले आहे.

मला हे शिकवलं ते तीनबत्तीच्या बाजारातल्या एका फळवाल्यांनी. मी त्यांना चाचा म्हणते. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीवर उभी राहून मी पपया दाबून बघत होते. एक दाबली, दुसरी दाबली, तिसरी दाबायला हात नेला तसा त्यांनी माझा हात अडवला नाही, फक्त विचारलं, “मॅडम, खाना कब है? आज, या परसों?” मी म्हटलं, परवा. त्यांनी मी हातही न लावलेली एक हिरवट पपई काढली. देठापासून खाली एकच पिवळी रेघ उतरलेली. म्हणाले, कागदात गुंडाळून ठेवा, फ्रीजमध्ये नको. परवा कापली. तशी पपई मी त्याआधी खाल्ली नव्हती.

तेव्हा लक्षात आलं की आपण गाडीवर जाऊन विचारतो, “गोड आहे का?” या प्रश्नाला आजवर कुठल्याही फळवाल्याने नाही म्हटलेलं नाही. विचारायचा प्रश्न दुसराच आहे. मला हे कधी खायचंय?

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय मला बोलवल्याचं सार्थक होणार नाही. फळांच्या दोन जाती. एक, झाडावरून उतरल्यावर पिकणारी: आंबा, केळं, पपई, चिकू, सीताफळ, फणस. ही पूर्ण भरली की काढतात. आंबा-केळ्यांच्या पोटात पिठूळ साठा असतो, त्याची साखर नंतर होते. दुसरी जात उतरवली की जिथल्या तिथे थांबणारी: द्राक्षं, मोसंबी, संत्री, डाळिंब, अननस, जांभूळ. ही घरी आणून ‘दोन दिवसांनी गोड होतील’ म्हणून ठेवलीत तर होतं काय, तर ती शिळी होतात. आंबट मोसंबं मरेपर्यंत आंबट. म्हणजे पहिल्या जातीचं फळ घेताना ते भरलेलं आहे का ते बघायचं, दुसऱ्या जातीचं घेताना ते आज कसं लागतंय ते बघायचं. आपण नेमकं उलट करतो. आंब्याचा रंग बघतो आणि द्राक्षांना ‘पिकतील’ म्हणतो.

द्राक्षांचंच घ्या. नाशिकची द्राक्षं आपल्या दारावरून, पडघ्याच्या हमरस्त्याने मुंबईला जातात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे ती ताजी मिळायला हरकत नसते. देठ हिरवा हवा, तपकिरी काडी झालेला नको. मण्यावरची पांढरट पूड औषधाची असेल म्हणून आपण दचकतो. बरीचशी ती द्राक्षाची स्वतःची मेणाची साय असते, धुवून खा म्हणजे झालं. पण खरी गंमत चवीची. घड वरून खाली पिकत येतो. विक्रेता चाखायला मणी देतो तो वरचा, खांद्यावरचा. तुम्ही मागायचा शेंड्याचा. शेंडा गोड, तर घड गोड. मी शेंड्याचा मणी मागितला की काही जण हसतात, एकाने तर सरळ घड मागे ठेवून दिला. तिथेच उत्तर मिळालं.

आता आंबा. त्याच्यावर बोललं नाही तर तुम्ही मला घरी जाऊ देणार नाही.

आमच्या घरी माळ्यावर अढी असे. गवतावर कच्चे आंबे, वर पुन्हा गवत. आजी त्यात मुद्दाम एक पिकलेला आंबा ठेवायची आणि आम्ही तो पळवायचो. पिकणारं फळ स्वतःच इथिलीन वायू सोडतं, हे रिचर्ड गेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवलं. तो वायू शेजारच्या फळाला पिकवतो. आजीला इथिलीन ठाऊक नव्हतं, पण तो एक आंबा आम्ही पळवल्यावर ती का ओरडायची, ते मला एम.एस्सी.ला कळलं.

कोकणातला बागायतदार आंबा ‘चौदा आणे’ झाला की काढतो. सोळा आणे झाडावरच होऊ दिला तर तो वाशीच्या बाजारापर्यंत टिकायचा नाही. बारा आण्याचा काढला तर पिवळा होतो, पण गोड होत नाही. भाव चढा असतो तेव्हा, मार्चच्या सुरुवातीला, बारा आण्याचा माल बाजारात येतो आणि तोच सगळ्यात महाग असतो! घाई आपली, पैसेही आपलेच. कच्चा आंबा घेतलात तर बादलीत टाकून पाहा. बुडाला तर भरलेला, तरंगला तर कोवळा. देठाजवळ खांदे वर आलेले आणि देठ खड्ड्यात गेलेला दिसला, तरी तो भरलेला समजा.

आणि वास. देठाशी नाक न्या. रंगाने फसवता येतं, वासाने फसवणं कठीण. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक आणि नाकाला काहीच नाही, तर हात आखडता घ्या. कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिकवलेला माल असाच असू शकतो. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे, दहा लाखांत शंभर भागांपर्यंत. म्हणजे ‘केमिकलने पिकवलेलं’ म्हणून सगळ्यालाच नाक मुरडू नका. पिकवणगृहातलं केळं आजीच्याच वायूने पिकतं, फक्त गवताऐवजी खोली असते.

एवढं सगळं सांगणारी मी, एकदा पाहुणे यायचे म्हणून पाच डझनांची पेटी घेतली. लेबल देवगडचं. वास बरा, रंग सुरेख. घरी येऊन पेटी उपसली आणि सवयीने आतला वर्तमानपत्राचा कागद वाचायला घेतला. वाचता येईना. कन्नड होता. कर्नाटकचा हापूस वाईट नसतो, पण तो देवगडच्या भावात घेतला होता. त्यावर कळस म्हणजे कापल्यावर दर तिसऱ्या आंब्यात साका. कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. पाहुण्यांनी तो गुपचूप वाटीच्या कडेला सारला, ते अजून आठवतं. साका बाहेरून दिसत नाही, तुम्हाला नाही, मला नाही, विकणाऱ्यालाही नाही. उतरवलेला आंबा तापलेल्या जमिनीवर राहिला की तो वाढतो, असं मानतात. दापोलीच्या विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, त्यात साका होत नाही. पण आपल्याला हापूसच हवा. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, पालघर आणि आपला ठाणे जिल्हाही आहे. तेव्हा लेबलवर देवगड नसलं तरी लाज वाटून घेऊ नका.

भिवंडीत राहण्याचा एक फायदा मला उशिरा कळला. आपल्या यंत्रमागांवर काम करायला देशभरातून माणसं आली आणि त्यांच्यामागून त्यांची फळं आली. पाऊस पडला की आपण ‘आंबा संपला’ म्हणतो. तेव्हा इथे लंगडा, दसेरी, चौसा सुरू होतो. लंगडा पिकला तरी हिरवाच राहतो. मी कित्येक वर्षं तो कैरी समजून पुढे जायचे. शेजारच्या कारखान्यातला आझमगढचा एक कारागीर म्हणाला, “आँख से मत देखिए, सूँघिए.” तेलंगणातून आलेली घरं बेगनफल्ली घेतात, आपण त्याला बदाम म्हणतो. दुसरा फायदा रमजानचा. त्या महिन्यात इथला फळवाला संध्याकाळच्या इफ्तारीसाठी माल मांडतो, म्हणजे आजच्या आज खायचा. दुपारनंतर गाडीवर आलेली पपई, केळी, कलिंगडं सूर्यास्ताला संपतात. पडून राहायला वेळच नाही. मी रोजे धरत नाही, पण वर्षातली उत्तम पपई मी त्याच महिन्यात खाते. सजवलेल्या, थंडगार दुकानापेक्षा भराभर संपणारी गाडी बरी, हे माझं मत. तिथे फळ चमकवून ठेवलेलं नसतं, कारण ठेवलेलंच नसतं.

कलिंगडाबद्दल एकच: ठोकून सगळेच बघतात आणि आवाज ऐकून गंभीर चेहरा करतात. त्यापेक्षा उलटं करून पाहा. जमिनीवर टेकलेला डाग पांढरा असेल तर लवकर काढलंय, लोण्यासारखा पिवळा असेल तर घ्या. चिकूची साल नखाने जरा खरवडा, खाली हिरवं दिसलं तर ठेवून द्या. सीताफळाचे डोळे उघडले का बघा. बस्स.

शेवटी, जे फळ मला सगळ्यात आवडतं, त्याच्यासाठी यातलं काहीच लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आसपासच्या पाड्यांवरच्या आदिवासी बायका करवंदं घेऊन येतात. पुढे जांभळं. टोपलीत खाली पळसाची पानं, वर काळीभोर करवंदं, देठांना अजून चीक. मोजायला पेला. याला पेटी नाही, लेबल नाही, पिकवणगृह नाही. पहाटे रानात तोडलेलं, नऊला आपल्यासमोर. तुम्ही पाच डझन हापूसला हजारो रुपये मोजता आणि करवंदांच्या पेल्यावर वर चार दाणे टाक म्हणून भांडता. मीही भांडले आहे. आज सकाळी मात्र मुकाट्याने अख्खी टोपली घेतली. टोपलीवाली म्हणाली, “आजच्या आज खा बाय, उद्या नको ठेवूस.” म्हणजे चाचांचाच प्रश्न, फक्त उत्तरासकट.

ती टोपली मागे, दाराशी टेबलावर ठेवली आहे. करवंदं धुतलेली आहेत. लहानपणीसारखं आधी फोडून बघा, आत लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. मुलांना आधी घेऊ द्या. आणि कुणी घरी नेण्यासाठी रुमालात बांधू नका, सकाळपर्यंत त्यांचं पाणी होईल.