सड्यावरचा भेक जपा



आज मी आपल्याशी एका बेडकाविषयी बोलणार आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेल्या आंबोली परिसरातील जांभ्या दगडाच्या सड्यावर तो राहतो. त्याचे नाव आंबोलीचा भेक. भेक म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक. लांबी जेमतेम सव्वा इंच आणि कुशीवर वाघासारखे पिवळसर पट्टे. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली, तेव्हा या पट्ट्यांवरूनच नावात 'टायगेरिना' हा शब्द घातला. त्याच्या वंशात दोनच जाती आहेत. एक ही आणि दुसरी कोयना भागातील. आंबोलीच्या भेकाची गणना आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते.

याचे कारण त्याच्या विणीत आहे. पहिला पाऊस पडला की सड्याच्या खोलगट जागी पाणी साचते. अशा उथळ डबक्यांतच मादी अंडी घालते. अंड्यांतून बेडूकमासे निघतात आणि डबके सुकण्यापूर्वी त्यांना पाय फुटावे लागतात. पावसाने ओढ दिली तर पिले वाळून मरतात. हे संकट निसर्गाचे आहे आणि भेक ते सोसत आला आहे. परंतु सडाच फोडला किंवा मातीखाली गेला, तर त्याला विणीसाठी जागाच उरत नाही.

आपण सड्याला पडीक म्हणतो. काजू-आंब्याच्या कलमांसाठी तो सुरुंगाने फोडतो, वर माती पसरतो, चिरे काढतो. बागायत वाढावी हे खरेच. हा भेक आपल्या खाचरात येऊन किडी खाईल, असेही मी म्हणत नाही. मात्र ज्या जातीचे सारे घरदार एवढ्याशा टापूत आहे, तिला दुसरीकडे हलविता येत नाही.

म्हणून आपण पुढील गोष्टी कराव्यात :

१) कलमे लावताना सड्याचा डबक्यांचा भाग मोकळा सोडावा. तेथे माती टाकू नये.
२) सड्यावरील सुटे दगड गोळा करू नयेत. त्यांच्याखाली बेडकांना ओलावा व आसरा मिळतो.
३) तणनाशकाचा पंप डबक्यात धुऊ नये. बेडकाच्या कातडीतून औषध थेट अंगात भिनते.
४) पावसाच्या सुरुवातीला रात्री गाडी सावकाश चालवावी. बरेच भेक चाकाखाली मरतात.

यांपैकी एकाही कामाला पैसा लागत नाही. यंदा सडा सपाट करण्यापूर्वी पहिल्या पावसात एकदा वर जाऊन डबकी पाहा. त्यांत बेडूकमासे दिसले, तर तेवढा तुकडा राखून ठेवा. बाकीची जमीन आपलीच आहे.