नैराश्य, नोकरी आणि खाडा

नैराश्याचा आजार पुष्कळदा कामावर आधी दिसू लागतो, पण तिथे त्याला आजार म्हणत नाहीत. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकणारी उदासी, किंवा कशातच रस न उरणे, ही त्याची मुख्य खूण. जोडीला झोप बिघडते, भूक मंदावते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, साधा निर्णयही घेता येत नाही. हिशेबनिसाची बेरीज चुकते, शिक्षकाचे पेपर तपासायचे राहतात, लिपिकाच्या टेबलावर फायली साचतात. गोपनीय अहवालात मात्र शेरा पडतो तो निष्काळजीपणाचा. रुग्णही उदासीविषयी फारसे बोलत नाही. डोके जड झाले, अंग दुखते, एवढेच सांगून तो गोळ्या घेतो.

नैराश्य आणि चिंताविकार यांपायी जगात दर वर्षी सुमारे 1200 कोटी कामाचे दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बुडालेला दिवस निदान हजेरीपटावर दिसतो. माणूस वेळेवर येतो, खुर्चीत बसतो आणि निम्मेच काम होते, हे नुकसान कुठल्याच पटावर चढत नाही. शिवाय काम हे आजाराचे कारणही ठरू शकते. थकलेला पगार, वरिष्ठांचा जाच, वर्षानुवर्षांचे कंत्राट यांनी मन खचते; बेकारीने तर त्याहून जास्त.

भारतात 2015-16 साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. तीव्र नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे 85 उपचाराबाहेर होते. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवलेले बरे.

आजार तोच असला तरी परभणी जिल्ह्यातल्या सेलूसारख्या कापसाच्या बाजारपेठेत त्याची किंमत नोकरीच्या प्रकारावर ठरते. सरकारी कर्मचाऱ्याला वैद्यकीय रजा असते. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 20 नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून त्याला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही, आणि या कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले: मानसिक दिव्यांगत्वामुळे शिस्तभंगाच्या कारवाईला सामोरे जावे लागणे हा अप्रत्यक्ष भेदभाव होऊ शकतो. 'कारणे दाखवा' नोटीस काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हा निकाल वाचायला हवा.

जिनिंगवरच्या कामगाराची गोष्ट निराळी. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात मजुरीचा काही भाग मिळतो, दीर्घ आजारांच्या यादीत काही मानसिक आजारही येतात. पण ही योजना हंगामी कारखान्यांना लागू नाही, आणि कायद्यातल्या हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग नाव घेऊन घातलेले आहे. त्यामुळे हमालाचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. आठवडाभर खाडे पडले की त्याच्या जागी दुसरा येतो. शेतमजूर आणि दुकानातला नोकर यांचेही तेच. मराठवाडा-विदर्भातील चौदा जिल्ह्यांसाठी आखलेल्या राज्याच्या प्रेरणा या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघर विचारपूस करतात, पण तिथे नजर मुख्यतः शेतकरी कुटुंबावर आहे.

उपचाराला वेळ लागतो आणि कामाच्या आड तोच येतो. औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवावी लागतात. ज्याची मजुरी रोजची, त्याला परभणीची एकेक फेरी एकेका खाड्याची पडते, आणि गोळ्या मध्येच सुटतात. काही औषधांनी गुंगी येते. म्हणून चालकाने किंवा यंत्रावर हात घालणाऱ्याने आपले काम डॉक्टरला सांगून मात्रा व वेळ ठरवून घ्यावी. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते, आणि त्यासाठी खाडा करावा लागत नाही.