आपण होऊन उठावे



परराष्ट्रखात्यातील माझ्या नोकरीविषयी सांगून आपणांस मार्गदर्शन करावे, असे निमंत्रणपत्रात लिहिले होते. परंतु ज्या प्रशालेच्या पटांगणातली माती अंगाला लागली, तिच्याच व्यासपीठावर उभे राहिल्यावर दप्तरातील खलिते आणि तहनामे मागे पडतात आणि डोळ्यांपुढे येतात ते आमचे कवायतीचे मास्तर. परगावचा संघ सामन्याला आला की कळशीतला पहिला तांब्या त्यांच्या कप्तानाला मिळाला पाहिजे, आणि तोही आमच्या कप्तानाच्या हातून, असा त्यांचा दंडक असे. आम्ही हरलो त्या दिवशीही त्यात सवलत नसे.

या दंडकाचे मोल मला सरकारी चाकरीत, एका घटनेचा वृत्तांत वाचताना उमगले. 1971 च्या एप्रिलमध्ये जपानातील नागोया येथे टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. अमेरिका आणि साम्यवादी चीन कोरियाच्या रणांगणावर एकमेकांशी लढलेले, एकमेकांच्या राजधानीत वकिलात नसलेले. अमेरिकनांशी आपण होऊन बोलू नये, अशी चिनी खेळाडूंना ताकीद होती. अशात ग्लेन कोवन हा लांब केसांचा तरुण अमेरिकन खेळाडू चिनी संघाच्या बसमध्ये चढला. कोणी बोलेना. तेव्हा मागे बसलेला, तीन वेळा जगज्जेता ठरलेला च्वांग त्सेतुंग सोबत्यांनी नको म्हटले असतानाही उठला, दुभाष्याच्या मदतीने त्याच्याशी बोलला आणि ह्वांगशान पर्वताचे चित्र असलेले रेशमी वस्त्र त्याने कोवनला भेट दिले. उलट भेट द्यावी म्हणून कोवनने पिशवी चाचपली, तर हाती लागला केवळ कंगवा! पुढे त्याने एक सदरा आणून दिला.

बसमधून उतरताना दोघांची छायाचित्रे निघाली, चीनचे नेते माओ यांनी अमेरिकन संघाला निमंत्रण धाडले, 10 एप्रिलला तो संघ चीनमध्ये दाखल झाला, आणि 1972 च्या फेब्रुवारीत खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले. दोन्ही सरकारे आधीपासूनच वाट शोधीत होती, हे खरे, आणि या मुत्सद्देगिरीचा तपशील आपल्या शिक्षकांकडून आपण ऐकालच. परंतु त्या बसमध्ये जागेवरून उठणे हे कोणत्याही सरकारचे नव्हे, एका खेळाडूचे कर्तृत्व होते.

मित्रहो, माझे सांगणे एवढेच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगेन: समोरचा आधी बोलेल म्हणून थांबू नका. तो आपल्या जातीचा, भाषेचा, गटाचा आहे की नाही हे न पाहता आपण होऊन उठा. मानापमानाचा हिशेब करीत बसलेल्या तरुणाची उमेदीची वर्षे त्या हिशेबातच जातात, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे.

येथून पाहताना मला दिसते की वसतिगृहाची मुले डावीकडे आणि गावातली मुले उजवीकडे बसली आहेत, आणि मधली वाट रिकामी आहे. उद्या तुम्हा दोघांचाच कबड्डीचा अंतिम सामना असल्याचे मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितले. दोन्ही कप्तान पहिल्याच रांगेत आहेत, म्हणून त्यांनाच विनंती करतो: आज रात्रीच्या स्नेहभोजनाला आपापले संघ एका पंक्तीत, एकाआड एक बसवा, आणि आधी उठून बोलवायला कोण गेले, ते मला उद्या सामन्यापूर्वी येऊन सांगा.