नापास झालेल्या सिस्टरसाठी



आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. आपल्या ज्या नर्स मुली अमेरिकेची नर्सिंग परवान्याची एनक्लेक्स परीक्षा देऊन नापास झाल्या आणि गप्प बसल्या, त्यांच्याविषयी.

आपल्याकडे जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पास झालं की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, तिच्यासाठी वेगळी परीक्षा नसते. म्हणून वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेली सिस्टर मुंबईच्या केंद्रावरून नापास होऊन परतते, तेव्हा घरच्यांना, आणि तिला स्वतःलाही, वाटतं की हिला नर्सिंगच येत नाही. हे साफ चूक आहे.

ही परीक्षा नुसतं पाठांतर तपासत नाही. चार रुग्ण समोर ठेवते आणि विचारते, आधी कोणाकडे जाल? कुठलं काम सहाय्यकाला सांगाल, कुठलं स्वतःच कराल? आपल्या वॉर्डात कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन देणं बहुतेक वेळा नातेवाईकच करतात. काम सोपवण्याचा हा विचार करायची वेळ आपल्यावर येतेच कुठे? गंभीर आजाराची गोष्ट आपल्याकडे आधी मुलाच्या किंवा भावाच्या कानावर घातली जाते. तिथे रुग्णाच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगितलंत तर उत्तर चुकलं. रुग्णाला अचानक दम लागला की आपण आधी डॉक्टरांना कळवतो. तिथे बऱ्याचदा विचारलेलं असतं, की फोन करण्याआधी तुम्ही स्वतः काय पाहिलंत आणि काय केलंत. औषधांचंही तेच. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन होतं, ॲड्रेनालिन एपिनेफ्रिन होतं. एप्रिल 2023 पासून तर एकाच रुग्णाच्या नोंदी दाखवून त्यावर ओळीने सहा प्रश्न येतात. इथल्या वॉर्डाने अंगी बाणवलेल्या सवयीच तिथे आड येतात, आणि अनुभवी मुलगी नेमकी तिथेच अडते.

नापास झालेल्यांनाच एक अहवाल मिळतो. प्रत्येक विषयभागात तुम्ही पास होण्याच्या पातळीच्या वर होतात, जवळपास होतात की खाली, हे त्यात लिहिलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणींनी तो नीट वाचलाही नव्हता. त्यांनी तेच जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं होतं. पुन्हा बसायला किमान 45 दिवस थांबावं लागतं आणि 200 डॉलर शुल्क पुन्हा भरावं लागतं. एवढे दिवस आणि एवढे पैसे जे आधीच येतं त्यावर का घालवायचे? अहवालात 'खाली' लिहिलंय तिथून सुरुवात करा. चुकलेल्या प्रत्येक सराव-प्रश्नाखाली आपण तसं उत्तर का दिलं, ते मराठीत लिहा. सवय दिसली तर बदलता येते.

हे एकटीने होत नाही. आणि लाजेपायी मुली एकट्या पडतात. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहान वयात पायी साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. पुढे महर्षी म्हणून ओळखल्या गेलेल्या कर्व्यांनी ती हकिगत आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली. आपल्या मुलींना मात्र निकाल सोबत ड्यूटी करणाऱ्या मैत्रिणीलाही सांगवत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. म्हणजे उद्या नापास होऊन गप्प बसण्याची हीच पाळी जर्मन भाषेच्या परीक्षेतही आपल्या मुलींवर येऊ शकते.

म्हणून दुपारच्या सत्रात दोन ठराव मांडावेत, अशी माझी विनंती आहे. पुन्हा बसणाऱ्या मुलीला परीक्षेआधीचा आठवडा नाईट लावू नये, हे प्रत्येक इन्चार्ज सिस्टरने पाळावं. आणि महिन्यातून एका रविवारी, पास झालेल्यांनी, आणि आपला अहवाल घेऊन नापास झालेल्यांनी, एकत्र बसावं. जागा मी देते. पहिल्या बैठकीसाठी नावं आजच माझ्याकडे द्या.