दूरच्या प्रवासातील विसावा
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजचा माझा विषय विद्वत्तेचा नाही, घरगुती आहे. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी पुष्कळांची मुले आज परदेशी आहेत. लेकीचे बाळंतपण, सुनेची नोकरी, नातवाची मुंज, अशा निमित्ताने साठी-सत्तरीचे आईबाप सातासमुद्रापार निघतात. जाण्याची तयारी चार चार महिने चालते. मेतकूट, भाजणी आणि लोणची यांच्या याद्या होतात, बॅगा तीन तीन वेळा वजन करून पाहिल्या जातात. परंतु एवढा लांबचा प्रवास आपल्या शरीरास झेपावा कसा, वाटेत कोठे थांबावे की न थांबावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. "एकदा बसलो की थेट उतरलो," यातच आपण समाधान मानतो. या समाधानाविषयी दोन शब्द सांगावेत, म्हणून मी उभा आहे.

वास्तविक वाटेत थांबणे ही गोष्ट आपणांस नवी नाही. आषाढीची वारी पाहा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते ती धावत पंढरपुरास जात नाही. दिवसा ठिकठिकाणी विसावे असतात, रात्री मुक्काम असतात, आणि पुण्यास व सासवडास तर दोन दोन रात्री पालखी थांबते. वाटेवरची गावे वारकऱ्यांना जेवू घालतात, अंगणे मोकळी करून देतात. मुक्कामामुळे वारी लांबली असे कोणी म्हणत नाही. किंबहुना मुक्काम आहे म्हणूनच सत्तरीची म्हातारी पायी पंढरपूर गाठते.

परदेशचा प्रवासही पूर्वी असाच होता. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. तत्पूर्वी मुंबईहून विलायतेस जाणारा उतारू सुएझला उतरून जमिनीवरून अलेक्झांड्रियास जाई व तेथे दुसऱ्या बोटीत बसे. कालवा झाल्यावरही एडन, पोर्ट सैद अशी बंदरे घेत बोट पुढे जाई. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले, तेही कैरो व जिनीव्हा येथे थांबत. १९६० साली न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली ती लंडनमार्गेच. प्रवासाची साधने मंद होती, म्हणून थांबा आपोआप मिळत असे. आज मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे सोळा तासांत न थांबता गाठता येते. यंत्राला विश्रांती नको असेल, पण आत बसलेल्या माणसाचे शरीर जुनेच आहे.

या शरीरावर काय घडते ते थोडक्यात सांगतो. विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरील डोंगरावर असावा तितका ठेवलेला असतो. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखराहूनही उंच जागी आपण सोळा तास खुर्चीत बसून काढतो. तेथील हवा अत्यंत कोरडी असते. पाय लोंबकळत राहतात, आणि पोटरीचे स्नायू हालले नाहीत म्हणजे पायांतील रक्त वर चढण्यास मंदावते. त्यामुळे पाय सुजतात, आणि क्वचित शिरेत रक्ताची गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एखाद्यालाच घडतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. मात्र वय झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले किंवा पूर्वी गुठळीचा त्रास झालेले जे प्रवासी, त्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारल्यावाचून तिकीट काढू नये.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपल्या शरीरात निजण्या-उठण्याचे एक घड्याळ असते, व ते दिवसाला साधारण एक-दीड तासच सरकते. उन्हाळ्यात मुंबई व न्यूयॉर्क यांच्या वेळांत साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहा तासांचा. हे सारे अंतर एका दमात ओलांडणारा माणूस आठवडाभर दिवसा पेंगतो आणि रात्री दोन वाजता टक्क जागा असतो. आता मध्ये लंडनला थांबा घेतला तर काय होते पाहा. उन्हाळ्यात मुंबई ते लंडन साडेचार तासांचा फरक, लंडन ते न्यूयॉर्क पाच तासांचा. ओझे बरोबर दोन ठिकाणी वाटले जाते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो व तो शरीरास त्या मानाने सोसतो; पूर्वेकडे परतताना दिवस आखडतो व ते अधिक जड जाते. म्हणून एकाच वेळी थांबणे परवडत असेल, तर परतीच्या वाटेवर थांबावे, असे मी सुचवीन.

थांबावयाचे कोठे? हॉटेलात थांबता येते, परंतु थकलेल्या वृद्ध माणसास परक्या शहरात मऊ गादीपेक्षा ओळखीचा आवाज अधिक हवा असतो. येथे मित्राचे मोल कळते. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्राने जगास दिले आहे.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. पती गोपाळराव बरोबर नव्हते. समुद्रोल्लंघन हे पातक मानणारा समाज मागे होता, आणि पुढे फिलाडेल्फियाचे वैद्यक महाविद्यालय होते. या दोहोंमध्ये त्यांना एक घर मिळाले. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी गोपाळरावांचे एक पत्र मिशनऱ्यांच्या नियतकालिकात वाचले होते. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता ते अंक त्यांच्या हाती पडला, असे सांगतात. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. एकमेकींस न पाहता काही वर्षे पत्रव्यवहार चालला, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. बोट लागली तेव्हा ही मावशी बंदरावर उभी होती. तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला कार्पेंटर कुटुंबात काढला, आणि मग शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियास अभ्यासासाठी गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पुढे क्षयाने त्यांना गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, व बाईंनी ती पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली.

मित्रहो, दोन महिन्यांची बोट आणि तीन वर्षांचा खडतर अभ्यास यांच्यामधला तो रोझेलचा उन्हाळा नसता, तर त्या अठरा वर्षांच्या मुलीने पहिला हिवाळा कशाच्या बळावर काढला असता? आणि आपण येथे ज्ञातिसंघाच्या मंडपात बसलो आहोत म्हणून मुद्दाम सांगतो, की ते दार उघडणारी बाई आपल्या ज्ञातीची नव्हती, धर्माची नव्हती, देशाचीही नव्हती. ज्ञाती आपल्याला जन्माने मिळते, मित्र मात्र जोडावा लागतो. संघाने पहिलीचा अभिमान अवश्य बाळगावा, परंतु दुसऱ्याची वाट अडवू नये.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. गेल्या वर्षी आम्ही उभयता न्यू जर्सीस मुलीकडे गेलो. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणून लंडनला माझ्या एका जुन्या सहाध्यायाकडे तीन रात्री राहिलो. त्या वेळी शिकलो ते असे. लंडनला उतरून राहावयाचे तर ब्रिटनचा व्हिसा आधी काढावा लागतो. अमेरिकेचा व्हिसा हाती आहे एवढ्याने भागत नाही. प्रत्येक देशाचे नियम निराळे व बदलते असतात, म्हणून तिकिटाच्या आधी ते पाहावेत. दोन्ही टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर, मधल्या मुक्कामासह लिहून घ्यावेत. सुटी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरे चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही. विम्यात मधल्या देशाचाही समावेश असावा. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावीत, आणि जे इन्सुलिन घेतात त्यांनी बदलत्या वेळांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून आणावे.

पाहुण्याचा धर्मही सांगितला पाहिजे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपण शाळेत शिकलो. लंडनच्या घरी ही व्युत्पत्ती चालावयाची नाही. तेथे नवराबायको दोघेही कामावर जातात, घरी गडीमाणसे नसतात. म्हणून येण्याचा दिवस आणि निघण्याचाही दिवस आधी कळवावा, व तो पाळावा. तीन रात्री पुरेत. आपले ताट आपण धुवावे, अंथरूण आपण घालावे. शहर दाखविण्याचा आग्रह धरू नये; आपण विश्रांतीस आलो आहोत, सहलीस नव्हे. सायंकाळी उजेडात थोडे चालावे व तेथील रात्र होईपर्यंत जागे राहावे, म्हणजे शरीराचे घड्याळ लवकर वळणावर येते.

यजमानाचा धर्म त्याहून सोपा आहे. आमच्या मित्राने पहिल्या दिवशी पिठले-भात वाढला, खोलीचे पडदे ओढले आणि सांगितले, "गुरुजी, आता बोलू नका, पाय वर करून पडा." तिसऱ्या दिवशी पत्नीच्या पायांची सूज उतरली होती. न्यू जर्सीच्या दारात नातीने हात पसरले तेव्हा तिने तिला उचलून घेतले. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ त्याच महिन्यात थेट गेले होते. पोटरीत गुठळी होऊन त्यांचा पहिला आठवडा रुग्णालयात गेला. देवदयेने ते आज बरे आहेत.

म्हणून संघापुढे माझी एक नम्र सूचना आहे. लंडन, दुबई, सिंगापूर यांसारख्या वाटेवरच्या शहरांत आपल्या सभासदांची जी मुले राहतात, त्यांपैकी ज्यांना दोन-तीन रात्री वृद्ध प्रवाशांस घरी ठेवून घेणे शक्य व मान्य असेल, त्यांची एक वही संघाच्या कार्यालयात ठेवावी. ती छापू नये, कार्यालयातच राहू द्यावी; ज्यास गरज पडेल त्याने चिटणीसांना विचारावे. आणि ते दार आपल्या ज्ञातीच्या प्रवाशापुरतेच न राहता शेजारच्या कोणाही आजीआजोबांस उघडे राहावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून परक्या भूमीत मराठी माणसास आपलेपणाची जागा देत आले आहे. आपल्या वहीने त्यात चार घरांची भर घातली तरी पुष्कळ झाले.

वाटेवरच्या गावांनी अंगणे दिली म्हणून वारी टिकली. आता आपल्या मुलांची अंगणे जगाच्या वाटेवर आली आहेत. ती मोकळी ठेवावयास त्यांना सांगणे, हे आपले वडीलपणाचे काम आहे.