गंगेच्या वाळवंटातील उन्हाळा

परभणी जिल्ह्याचा उन्हाळा प्रवाशांच्या मार्गदर्शिकेत शिफारस करण्याजोगा नव्हे. उत्तरेस जिंतुराकडे व दक्षिणेस गंगाखेडापलीकडे डोंगरांचे फाटे आहेत. परंतु थंड हवेचे म्हणावे असे स्थळ एकही नाही, आणि वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळतो. असे असूनही पुण्या-मुंबईस व हैदराबादेस नोकरीनिमित्त गेलेली कुटुंबे सुटी लागताच मुलाबाळांसह याच मुलखाकडे वळतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मनमाडहून हैदराबादेकडे जो लोहमार्ग सेलू, परभणी, पूर्णा या गावांवरून नेण्यात आला, त्याच्या इंग्रजी नावातच गोदावरीच्या खोऱ्याचा निर्देश होता. उन्हाळ्यात मनुष्य त्या गाडीतून उतरतो, तो खऱ्या अर्थाने या खोऱ्यासाठीच उतरतो.

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून 1465 किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला येथे गोदावरी म्हणणारा मनुष्य विरळा. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या सर्व तालुक्यांतून ती केवळ ‘गंगा’ आहे. ‘गंगेला जाऊन येतो’ म्हटले की घरच्यांनी धोतर व पंचा काढून द्यावयाचा, एवढा त्याचा अर्थ ठरलेला. विशेष हे की, उन्हाळ्यात लोक गंगेला जात, ते तिच्यात पाणी थोडे असे म्हणून. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी चैत्रात एका काठाला लागून बसे आणि उरलेले सारे पात्र वाळूचे अंगण होऊन राही. ते अंगण हीच या मुलखातील उन्हाळी सहल.

त्या सहलीची रीत ठरलेली असे. दिवस कलल्यावर दमणी जुंपावयाची, बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा घालावयाच्या, आणि शिदोरीस धपाटे, दशम्या, जवसाची चटणी व मडक्यातील दही घ्यावयाचे. वाळू दुपारी पाऊल ठरू देत नाही; परंतु सूर्य मावळला की ती झपाट्याने निवते आणि पहाटेस तर अंगावर पांघरूण ओढावे लागते. पिण्यास पाणी हवे झाले म्हणजे ओल्या वाळूत हातभर झिरा उकरावयाचा. पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून टाकले की खालून स्वच्छ, गार पाणी पाझरू लागते. शहरातील मुलास हा चमत्कार वाटतो. वस्तुतः तीस-चाळीस हात वाळूतून गाळून आलेले ते नदीचेच पाणी होय.

या वाळवंटाचे खरे यजमान म्हणजे भोई समाजाची कुटुंबे. पावसाळ्यात नाव व जाळे सांभाळणारे हे लोक पाणी ओसरले की पात्रात टरबूज-खरबुजांच्या वाड्या धरतात. वाळूत ओल लागेपर्यंत चर खणावयाचे, त्यांत कुजलेले शेणखत भरावयाचे, बी लावावयाचे, आणि उडत्या वाळूपासून कोवळ्या वेलांचे रक्षण व्हावे म्हणून तुराट्यांचे वा गवताचे आडोसे उभे करावयाचे. थंडीच्या दिवसांत केलेल्या या श्रमाचे फळ उन्हाळ्यात हाती येते. वाडीवर जाऊन टरबूज घेणे आणि बाजारात घेणे यांत अंतर आहे. वाडीवरील म्हातारी फळावर बोट वाजवून दाखविते, देठाजवळचा तणावा सुकला आहे की नाही ते पाहावयास सांगते, आणि भुईला टेकलेला डाग पिवळा झाल्यावाचून फळ तोडू देत नाही. एवढे शिक्षण फळाच्या किमतीतच मिळते.

स्थळे म्हणाल तर पुष्कळ आहेत. गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मस्थान. परभणीपासून सुमारे 40 किलोमीटर. अधिक मास उन्हाळ्यात आला, जसा 2018 साली ज्येष्ठात आला होता, म्हणजे तेथील घाटावर लेकी-जावयांसह स्नानास आलेल्या कुटुंबांची दाटी होते. मुद्गलचे मुद्गलेश्वराचे मंदिर तर नदीच्या पात्रातच उभे आहे. महापूर आला की पाण्याने वेढले जाते. वैशाख शुद्ध चतुर्दशीस पोखर्णीच्या नृसिंहाकडे लोक लोटतात. पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण, चारठाण्याची जुनी मंदिरे व नेमगिरीची जैन लेणी ही जिंतुराकडील सहल. शेतकरी गृहस्थांस 18 मे हा आणखी एक दिवस माहीत असतो. त्या तारखेस, 1972 साली, परभणीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्या वर्धापनदिनी भरणाऱ्या खरीप मेळाव्यास गेलेला मनुष्य बियाण्याची पिशवी घेऊनच परततो.

परंतु मूळ वाळवंटाची स्थिती पूर्वीची राहिलेली नाही, आणि हे मुलांना नदीवर नेणाऱ्यांनी नीट ध्यानी घ्यावयास हवे. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 साली बसली व 1976 साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या डाव्या कालव्याने परभणीची शेते भिजू लागली, हा लाभ लहान नव्हे. पुढे ढालेगाव, तारूगव्हाण, मुद्गल, दिग्रस येथे बंधारे झाले. त्यामुळे जेथे उन्हाळ्यात वाळू असे तेथे कित्येक ठिकाणी खोल, स्थिर पाणी असते. त्याबद्दल काठच्या गावांनी तक्रार करावी असे कोणी म्हणणार नाही. तक्रार आहे ती वाळूच्या बेसुमार उपशाविषयी. यंत्रांनी खरवडलेल्या पात्रात पुरुष-दोन पुरुष खोलीचे खड्डे राहतात, वरून पाणी सारखेच सपाट दिसते, आणि घोटाभर पाण्यात खेळणारे पोर पुढल्याच पावलाला नाहीसे होते. अशा बातम्या मराठवाड्यात उन्हाळ्यामागून उन्हाळे येत आहेत. वाळू गेली म्हणजे झिरा गेला, वाडी गेली, आणि ज्याच्या भरवशावर आई काठावर निर्धास्त बसत असे तो उथळ तळही गेला.

जुन्या पिढीत मुलास पोहणे शिकविण्याचे काम गंगेवर होत नसे. ते विहिरीवर होई. पाठीला वाळलेला भोपळा वा पांगऱ्याचा बिंडा बांधावयाचा, काठावर मामाने दोर धरावयाचा, आणि आठ-दहा दिवसांनी बिंडा सुटला की मग मुटका व सूर. या क्रमात घाई नसे. आज विहिरींवर मोटारी बसल्या, कडे ढासळले, मामा शहरात गेला; आणि मूल पोहणे न शिकताच थेट धरणाच्या किंवा कालव्याच्या पाण्यात उतरते. कालव्याचे बांधीव काठ शेवाळाने निसरडे असतात, वर चढावयास आधार नसतो. तेथे तर पोहणाऱ्यानेही उतरू नये. नदीवर मात्र एक उपाय अजून हाताशी आहे. पात्रात उतरण्यापूर्वी जवळच्या वाडीवर जाऊन विचारावे. कोणत्या अंगाला यंदा उपसा झाला, कोठे तळ टणक आहे, हे वाडीवाल्यास नेमके ठाऊक असते, आणि विचारणाऱ्यास तो स्वतः चार पावले पाण्यात चालून दाखवितो. त्याच्याकडून एक टरबूज घेतले तर बोलणे अधिक मोकळेपणी होते.

रोहिणी नक्षत्र संपत आले की वाड्यांवर आवराआवर सुरू होते. शेवटची फळे गाडीत पडतात, बियांसाठी राखलेली दोन-चार निवडून खोपीच्या छपरावर ठेवलेली असतात. वरच्या अंगाला कोठे वळीव झाला आणि पाण्याला तांबूस झाक आली, म्हणजे भोई तुराट्यांचे आडोसे उपटून मोळ्या बांधतात व खोपी उतरवून थडीवर आणतात. त्या दिवसापासून वाळवंटात मुक्कामास कोणी जात नाही.