गॅसची शेकोटी : घडण आणि वापर

गॅसची शेकोटी म्हणजे लोखंडी भांड्यात बसवलेला बर्नर, त्यावर दगडांचा थर आणि बाजूला अंतरावर उभा केलेला सिलिंडर. तिच्यात सरपण लागत नाही, राख उरत नाही, ठिणगी उडत नाही आणि चावी फिरवताच जाळ बंद होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात वणव्याच्या हंगामात लाकडाच्या शेकोट्यांवर बंदी येते, तेव्हाही चावीने बंद होणाऱ्या अशा साधनाला पुष्कळदा मुभा असते. तंबू घेऊन बाहेर पडणाऱ्यांत ती रुळली त्याचे हे मोठे कारण आहे.

हेच कारण कोल्हापूर जिल्ह्यातही लागू पडते. तिथे बिद्री गावाच्या पश्चिमेला डोंगर चढू लागतो आणि राधानगरी-दाजीपूरचे जंगल सुरू होते. दाजीपूरचे गवा अभयारण्य १९५८ सालचे. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झाले. इथल्या माथ्यांवर जांभ्या दगडाचे सडे आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर फुलणारे गवत थंडीत वाळून कोळ होते, आणि माणसाला शेकोटी हवीशी वाटते तीही त्याच दिवसांत. सरपणाच्या शेकोटीतली एक ठिणगी वाऱ्याबरोबर गवतात गेली तर आग विझवायला सड्यावर पाणी नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० ने अभयारण्याला धोका पोचेल अशा रीतीने आग पेटवायला किंवा पेटती सोडून जायला मनाई केली आहे. गॅसच्या शेकोटीने धोका कमी होतो, पण परवानगीची गरज संपत नाही. अभयारण्यात ती वन खात्याला विचारल्याशिवाय पेटवू नये. तिची खरी जागा म्हणजे हद्दीबाहेरचा खासगी तळ, शेतातला माळ किंवा घराचे अंगण.

शेकोटी कशी बांधायची हे गॅसच्या स्वभावावर ठरते. परदेशी पुस्तकांत प्रोपेनचा उल्लेख असतो, कारण थंड देशांत सिलिंडरमध्ये जवळजवळ निव्वळ प्रोपेन भरतात. तो उणे ४२ अंशांनाही उकळतो. भारतातला एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण आहे, आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो. कोल्हापूरच्या थंडीत त्याने अडत नाही. मात्र मिश्रणातला प्रोपेन आधी निघून जातो, तळाशी ब्युटेन उरतो आणि पहाटेपर्यंत जाळ मंदावतो. शिवाय द्रवाचा वायू होताना उष्णता सिलिंडरमधूनच ओढली जाते, म्हणून लहान सिलिंडर गार पडतो, कधी त्यावर दव किंवा हिमकण धरतात. अशा वेळी सिलिंडर जाळाजवळ सरकवणे किंवा त्यावर उकळते पाणी ओतणे जिवावर बेतू शकते. जाळ कमी करावा, थोडे थांबावे.

सर्वांत महत्त्वाचा गुण वेगळाच आहे. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, ब्युटेन दुप्पट. गळलेला गॅस वर उडून जात नाही. तो पाण्यासारखा खाली उतरतो, खोलगटात साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले की पेट घेऊ शकतो. त्यामुळे जमिनीत खड्डा खणून त्यात बर्नर ठेवणे ही सर्वांत वाईट रचना. भांडे जमिनीपासून वीतभर उंच, पायांवर उभे हवे आणि त्याच्या तळाशी समोरासमोर मोठी भोके हवीत. त्यांतून साचलेला गॅस निघून जातो, पावसाचे पाणीही निथळते. घरी केलेल्या बहुतेक शेकोट्यांत लोक जाळाच्या देखणेपणावर मेहनत घेतात आणि ही भोके विसरतात. खरे तर सगळी रचना भोकांपासूनच विचारात घ्यावी.

भांड्यासाठी ट्रकच्या चाकाची जुनी रिम किंवा जाड पत्र्याचे घमेले चालते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको. तापल्यावर त्यातून विषारी धूर येतो. रिमला पाय जोडणे, भोके पाडणे ही कामे गावातला फॅब्रिकेशनवाला करून देतो. बर्नर मात्र तयारच घ्यावा. पाइपला घरी भोके पाडून केलेल्या बर्नरमध्ये गॅस सारखा वाटला जात नाही आणि जाळ पाइपच्या आत शिरण्याची भीती राहते. तयार बर्नरला थर्मोकपलचा सुरक्षा व्हॉल्व्ह जोडलेला असावा. सड्यावरच्या वाऱ्याने जाळ विझला तर थर्मोकपल थंड होतो आणि गॅस आपोआप बंद होतो. हा व्हॉल्व्ह नसेल तर विझलेल्या शेकोटीतून गॅस येत राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दगडांची निवड हा या परिसरातला खास प्रश्न आहे. परदेशात सच्छिद्र लाव्हा दगड वापरतात. सह्याद्रीही लाव्ह्याचाच, म्हणून इथला भोकाभोकांचा काळा दगड चालेल असे कुणालाही वाटेल. पण दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्या बहुधा रिकाम्या नसतात. त्यांत झिओलाइट नावाची पांढरी खनिजे भरलेली असतात आणि त्यांच्या घडणीतच पाणी असते. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असे खनिज फुंकनळीच्या जाळावर धरले तेव्हा ते फेसाळून आले. वाफ सावकाश निघाली तर दगड भुगा होतो, कोंडली तर कपच्या उडतात. नदीतले गोटे त्याहून घातक. दूधगंगा-वेदगंगेच्या पात्रातला गुळगुळीत गोटा बाहेरून कोरडा दिसला तरी त्याच्या भेगांत पाणी असते. गारगोटीही नको, कारण ५७३ अंशांना क्वार्ट्झची रचना बदलते, तो एकदम फुगतो आणि तडकतो. बार्बेक्यूसाठी विकत मिळणारे लाव्हा दगड किंवा भट्टीच्या विटांचे कोरडे तुकडे हेच योग्य. तेही पावसात भिजले असतील तर आधी उन्हात वाळवावेत, आणि पहिल्यांदा पेटवताना सर्वांनी दूर उभे राहावे.

स्वयंपाकाच्या शेगडीत गॅसमध्ये आधीच हवा मिसळते, म्हणून जाळ निळा असतो. शेकोटीत हवा थोडी कमी ठेवतात. त्यामुळे जाळात काजळीचे सूक्ष्म कण तयार होऊन पिवळे तापतात, आणि जाळाच्या झळीचा बराच भाग त्यांच्याकडून येतो. हवा फार कमी झाली की दगड काळे पडतात. बर्नरच्या तोंडाची झडप थोडी उघडली की ते थांबते.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकाखेरीज वापरायला नियमाने बंदी आहे. बाहेरच्या वापरासाठी ५ किलोचा सिलिंडर खुल्या विक्रीत मिळतो. इंडेनने २०२० मध्ये त्याला ‘छोटू’ नाव दिले. एक किलो गॅसमधून सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे दहा किलोवॅटच्या जाळाला तासाला पाऊण किलोहून थोडा अधिक गॅस लागतो आणि सिलिंडर सहा तासांच्या आसपास पुरतो. हा सिलिंडर रेल्वेने किंवा एसटीने नेता येत नाही. स्वतःच्या गाडीतही तो उभा आणि बांधलेला असावा, खिडक्या उघड्या असाव्यात.

पेटवण्याआधी सिलिंडर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, जाळापासून जेवढा दूर राहील तेवढा ठेवावा. रेग्युलेटर आणि नळी आयएसआय खुणेची हवी, नळी सुरक्षा होज प्रकारची. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी पेटवून कधीच नाही. आधी लायटर धरावा, मग चावी उघडावी. काही क्षणांत पेटले नाही तर चावी बंद करून पाच मिनिटे थांबावे, कारण तोवर गॅस दगडांत साचलेला असतो. ही शेकोटी तंबूत किंवा बंद मांडवात ठेवू नये, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

विझवताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, नळीतला गॅस जळून जाऊ द्यावा, मग बर्नरची चावी फिरवावी. दगड पुढे बराच वेळ तापलेले राहतात. ते पूर्ण निवल्यावरच भांडे उचलावे, आणि रेग्युलेटर काढल्यावर सिलिंडरच्या तोंडाला टोपण बसवावे.